अकरावी फाइल

विल्यांदीचं तळं गोठलं की माणसं दुरुस्त्या काढतात.
मीही काढतो. वय एकाहत्तर.
त्यातली चौतीस वर्षं दूध-कारखान्यात
बाटल्यांच्या पट्ट्याखाली उताणं पडून गेली;
कुठला बोल्ट कुरकुरतोय ते मला कानानं कळतं.
पडद्यावर काढायला मात्र नातीनं शिकवलं, त्रीनूनं,
तांत्रिक शाळेत होती तेव्हा.
हे ओढ. हे फिरव. चुकलं तर मागं जा.
लोखंडात असं मागं जाता येतं का, आजोबा?
म्हटलं, लोखंडात फक्त शिव्या देता येतात.

जूनमध्ये ती पास झाली.
जुलैत प्रोग्रॅमनं विचारलं: तू अजून विद्यार्थिनी आहेस का?
ओळखपत्राचा फोटो लाव, चालू वर्षाचं,
चारही कोपरे दिसतील असा.
पोर खरं बोलली.
तेव्हापासून तिचे तीन पूल आणि एक पवनचक्की
कुलपात आहेत. बघता येतात, हात लावता येत नाही.
आधी छापून ठेवलेल्यांच्या कडांना लिहिलंय
शैक्षणिक प्रत, शैक्षणिक प्रत,
गाईच्या कानातल्या बिल्ल्यासारखं.
मुलाखतीला जाताना तिनं त्या कडा
कात्रीनं कापून टाकल्या.
पुलाचा एक पायही त्यात गेला.

मोठ्या परवान्याचं महिन्याचं भाडं किती, विचारलं.
आकडा ऐकून मी सरपणात हिशेब केला.
लाकडं जानेवारीतच संपली.

माझा परवाना फुकटातला, हौशी माणसाचा.
हौशी माणसाला दहा फाइली जाग्या ठेवता येतात.
अकरावी हवी तर आधी एकीला निजवायचं.
निजलेली परत उठते, नाही असं नाही,
पण दुसरीला निजवूनच.
दहा पोरांच्या घरात एकच पांघरूण कमी असावं तसं.

आणि काल्यूच्या अकॉर्डियनचं बटण म्हणजे अकरावी फाइल.
त्याखालची दांडी मोडून अकरा वर्षं झाली,
बनवणारा कारखाना त्याच्याही आधी बंद पडलेला.
करतो म्हटलं. घरी येऊन यादीपुढे बसलो.
किटलीचं बूच? अजून गळतंय.
चष्म्याची बिजागरी? ती तर नाकावरच आहे,
पण उद्या परत तुटली तर?
खाली एक होती, ‘बिननावाची १’.
तीन भोकांची पट्टी, एका टोकाला वाकलेली.
कशासाठी काढली, देव जाणे.
एवढी नीट मापं घेतली होती, दशांशापर्यंत,
की कुणाला तरी तिची फार गरज असणार.
बराच वेळ तिच्याकडे बघत राहिलो.
मग तिलाच निजवलं.

चौथ्या खेपेला दांडी जमली. वाचनालयाच्या यंत्रावर छापली.
काल्यू मधाची बरणी घेऊन आला, लिंडनच्या फुलांचा,
आणि मी दारातच अडलो.
परवान्यात लिहिलंय, सातवं कलम,
त्रीनूनं मोठ्यानं वाचून दाखवलं होतं:
मोबदल्यासाठी वापर करता येणार नाही.
मध हा मोबदला आहे का?
कंपनीला विचारलं. किती चमच्यांपासून धंदा सुरू होतो, तेही विचारलं.
उत्तर आलं तासाभरात:
तुमचा अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे.
बरणी तीन आठवडे खिडकीत. वर साय धरावी तसा मध गोठला.

काल काल्यूनं पेटी आणली, म्हणाला, ऐक.
पोल्का वाजवली. बटण ठणठणीत,
पण त्याचं बोट तिथं आलं की
उडी मारून पुढं जात होतं, दर वेळी,
डबकं ओलांडावं तसं.
अकरा वर्षांची सवय. त्याच्या ध्यानातही नव्हतं.
मी काही बोललो नाही.
मनात मात्र कलम सातवं लख्ख उलगडलं:
दांडी वापरातच आली नाही,
मग मोबदला कसला?

चमचे काढ, म्हटलं. दोन.