सहा बुधवार

अंबडच्या पत्र्याच्या शेडमध्ये
पॅनेल बोर्ड जुळवतात तिथं
भालचंद्र ढिकले यांच्या कमरेला सतरा किल्ल्या.
पहिल्याच दिवशी मोजल्या मी.
स्टोअर, रंगाची खोली, तांब्याच्या पट्ट्यांचं कपाट,
टेस्टिंग,
चहापत्तीच्या डब्यालाही कुलूप.
माणूस आधी ऐकू यायचा, मग दिसायचा.

मालकांनी मला सहा बुधवारांसाठी बोलावलं होतं.
"काम सोडायला शिकवा यांना.
माणूस सोन्यासारखा, पण सगळं मुठीत."
मी बावीस वर्षं सातपूरला इन्स्पेक्शनला होते.
मूठ मला माहीत आहे.
माझी अजून पुरती उघडत नाही.

पहिल्या बुधवारी मी द्राक्षांची गोष्ट काढली,
घडातले मणी वेळेवर विरळले नाहीत
तर एकही धड फुगत नाही, वगैरे.
ते हसले. "मॅडम, मखमलाबादला आमचीच बाग आहे.
विरळणीला पंचवीस बायका येतात.
त्या गेल्या की कात्री घेऊन
मी पुन्हा एक फेरी मारतो."
मी वही मिटली.

दुसऱ्या बुधवारी विचारलं, "डबा किती वाजता खाता?"
"साडेतीन, चार. जमेल तसा."
"गरम?"
त्यांनी टेबलावरचं ड्रॉइंग सरळ केलं.
सरळच होतं ते.

मग एक किल्ली मागितली. मला नको होती,
नूतन कडाळेला द्यायची होती. टेस्टिंगची.
आठ वर्षं ती त्या दाराबाहेर उभी राहून
आत काय चाललंय ते ओळखायची
नुसत्या गुणगुणीवरून.
रिंगमधून किल्ली निघता निघेना.
गंज नव्हता कुठं.
नखच लागत नव्हतं त्यांचं.

तिसऱ्या बुधवारी किल्ली तिच्याकडे
आणि ते तिच्या खांद्यामागे.
"मी काहीच बोलत नाहीये," असं बोलत होते.
त्यांना बाहेर टपरीवर नेलं.
म्हटलं, तुम्ही काम देताना 'कसं' देता,
स्क्रूच्या फेऱ्यांसकट.
'काय हवं' ते द्या, 'कधीपर्यंत' ते द्या,
आणि कुठं अडलं तर हाक मारायची, तेही.
मधलं सगळं तिचं.
त्यांनी ग्लासातला उरलेला चहा मातीत ओतला.
"आणि चुकलं तर?"

चौथ्या बुधवारी चुकलं.
सिन्नरला जायच्या पॅनेलवर
दोन फेजच्या पट्ट्यांची अदलाबदल.
कुणी पकडायच्या आत तीच सांगायला आली,
हातमोजे न काढता.
त्यांचा हात कमरेकडे गेला.
माझ्या जिभेवर आलं होतं सगळं,
मी घड्याळाकडे बघत राहिले.
अकरा सेकंद.
मग ते म्हणाले,
"बरं. मग आता काय करतेस?"

ते 'करतेस'
पाथर्डी फाट्यापासून गंगापूर रोडपर्यंत
मी तोंडात घोळवत गेले.

पाचव्या बुधवारी गेले नाही.
मुद्दाम, असं त्यांना कळवलं.
खरं म्हणजे ताप होता,
आणि अंथरुणातून व्हिडिओ कॉलवर
मी लेकीच्या नव्या स्वयंपाकघरातले
डाळींचे डबे हलवायला लावत होते.
डावीकडे. नाही, अजून डावीकडे.
तिनं फोन ओट्यावर पालथा ठेवला.

शेवटच्या बुधवारी कमरेला नऊ किल्ल्या.
दीड वाजता ते डबा उघडून बसलेले,
मेथीची भाजी, भाकरी, अजून कोमट.
"या वेळात काय करायचं ते कळतच नाही हो,"
असं कुणीतरी नोकरीवरून काढल्यासारखं म्हणाले.

आतून गुणगुण सुरू झाली.
त्यांचा घास हातातच थांबला.
"व्होल्टेज जरा भरभर चढवतेय."
खुर्चीतून अर्धे उठलेले.
"कळेल तिला," ते म्हणाले,
पण बसले नाहीत अजून.

मी लोणच्याची वाटी
त्यांच्याकडे सरकवली.