लसणात गेला की आऊट

शनिवारी सकाळी मुकेशचा फोन:
"बेनजी, स्कोर लिहिणारा पोरगा पळाला,
म्हणजे लग्नाला गेला. तुम्ही या."
रामबागेतून निघाले. हातोदच्या पुढे
जिथे बस थांबत नाही, नुसती मंदावते,
तिथे उतरले.
सव्वीस वर्षं तशीच उतरत होते, खडूची पेटी सांभाळत.

मैदान म्हणजे पंचायतीची पडीक जमीन.
दोन बाजूंना गहू, तिसरीला शाळा,
जिचे पत्रे मीच अर्ज करकरून बसवून घेतले,
आणि पश्चिमेला भागीरथ पाटीदारचा लसूण,
गुडघाभर, हिरवागार, रात्रीच पाणी दिलेला.
नियम शाळेच्या फळ्यावर, फळा बाभळीला टेकवलेला:
गव्हात चार.
शाळेच्या भिंतीला दोन.
लसणात गेला की आऊट.

माझं टेबल लिंबाखाली, डोक्यावर भोंगा,
भोंग्यात गोविंद, जो पाच वर्षं वर्गात
हजेरीलासुद्धा नुसता हात वर करायचा.
आता श्वास घ्यायला थांबत नाही:
"ओ भिया, ओ भिया, ओ भिया, वाचला!"
मी रकाने आखले. पट्टी घरून नेली होती.
गोलंदाज राधेश्याम,
आठ साते त्याला शेवटपर्यंत आलं नाही,
षटकाचे सहा मात्र चुकत नाही.
पंच देवकरण लाइनमन,
बोट वर करण्याआधी सवयीने
वरच्या तारेकडे एकदा बघून घेतो.

शनिवारचं सगळं सांगण्यासारखं नाही.
तीन सामने, एक भांडण, दोनदा म्हशी.
एक मुलगा टेनिसच्या चेंडूला लाल टेप गुंडाळायचा
आणि दातांनी तोडायचा, तो चर्र आवाज
रात्री मुकेशच्या ओसरीवर
गोधडीतही ऐकू येत राहिला.

रविवारी फायनल. पाठीला बरं वाटणारं ऊन.
कुणी हरभऱ्याचे घाटे भाजून आणले,
वहीच्या अकराव्या षटकावर
माझा काळा अंगठा उमटला, तो पुसला नाही.
शेवटचा चेंडू. जिंकायला तीन.
समोर भागीरथचा धाकटा, जितू.
बाप बांधावर, हातात काठी,
सामना बघायला नाही हं, लसूण राखायला.
तीन वर्षं तो दर सामन्याला असाच राखायला येतो.

चेंडू आखूड पडला.
मला क्रिकेटमधलं फारसं कळत नाही,
पण वर्तुळाचा कंस कळतो.
दोरी-खडू घेऊनही इतका साफ
मला एकदाही काढता आला नव्हता.
भोंगा गप्प.
लिंबावरून, तारेवरून,
नेमका लसणाच्या मधोमध.

देवकरणने तारेकडे पाहिलं. मग बोट वर.

पलीकडच्या गावाने ढोल बडवला.
जितू बॅट धरून तसाच, मान खाली.
भागीरथने चपला बांधावर काढल्या,
वाफ्यात उतरला घोटाभर चिखलात
आणि पाती दोन्ही हातांनी बाजूला सारू लागला,
लहान पोराचा भांग काढावा तशी.
पुष्कळ वेळ.
चेंडू सापडला तरी बाहेर येईना,
तिथूनच खेळपट्टीकडे बघत राहिला.
मग निघाला, सरळ रेषेत, ओठ हलवत,
स्टंपांपर्यंत गेला, वळला,
चेंडू माझ्या टेबलावर ठेवला.
"पंच्याण्णव पावलं, बेनजी.
हे कुठे लिहितात?"

वहीत असा रकाना नाही.
जितूच्या नावापुढे मी लिहिलं: बाद, लसूण.
बेरीज केली, ताळा दोनदा घेतला,
दोन धावांनी हरलो.
आणि अगदी मागच्या पानावर
जिथे मी पेन चालतं का ते बघते,
त्या गिरगोट्यांत
पंच्याण्णव. अक्षरी.

चेंडू परत मागायला पोरं आली
तोवर तो माझ्याच मुठीत होता.

बसमध्ये सुटे पैसे देताना कंडक्टर म्हणाला,
"भाजी घेऊन निघालात का, बाई?"
मी नाही म्हटलं. हात खिडकीबाहेर धरला थोडा वेळ,
मग गांधीनगर यायच्या आत
आत घेतला.