सोय

आपल्या हद्दपारीत निदान हद्द दिसते,
तडीपारीत एक तड, अलीकडे कुणीतरी उभं.
लॅटिनातलं मूळ पाहिलं, तर नुसतं उचलून नेणं,
रेल्वेचा हमाल त्याच कुळातला.
एस्टोनियात मात्र या शब्दाच्या पोटात
एक घोडागाडी आहे.

'क्यूत' म्हणजे वाटेत कुणाला गाडीत घेणं.
दिवस भरत आलेल्या बाईला,
दळण घेऊन निघालेल्या म्हाताऱ्याला.
भाडं नाही. फार तर उतरताना एक सफरचंद.
त्यालाच मागे दोन-तीन अक्षरं जोडली,
क्यूदितामिने,
की सायबेरिया येतो.

एकोणपन्नासचा मार्च. बर्फ धड गोठलेलं नाही,
धड वितळलेलं नाही.
पहाटे चारला हेल्डुरच्या दारात दोन बंदुका.
घोडा जुंप.
कुणाकडे जायचंय ते वाटेत सांगितलं.
वाट त्याला पाठ होती.

वायकेला तासभर दिला होता.
तिने शिवणयंत्राचं नुसतं डोकं घेतलं, पायडल राहिलं.
सहा वर्षांचा आर्वो दोन्ही हातांत एकेक बूट धरून उभा,
दोन वेगळ्या जोडांतले.
हेल्डुरने तिला वर चढायला हात दिला, सवयीने.
तिनेही धरला, सवयीने,
आणि नेहमीचं वाक्य तोंडातून निघून गेलं:
तुझी गाडी होती म्हणून बरं.

स्टेशन सतरा किलोमीटर.
घोड्याला कुणी काही सांगितलं नव्हतं.
तो प्रत्येक ओळखीच्या फाटकाशी थांबत होता
आणि प्रत्येक वेळी
हेल्डुरला चाबूक उचलावा लागत होता.

हेल्डुरने पुढे गाडी विकली म्हणतात.
कुणी म्हणतं, जाळली.

आर्वो आता ब्याऐंशीचा.
व्होरूच्या बाहेर, बस चुकलेली, पिशवीत औषधं आणि पाव.
एक मुलगी गाडी थांबवून काच खाली करते.
आजोबा, क्यूत हवीय का?

तो आधी स्वतःच्या पायांकडे बघतो.
मग विचारतो, कुठवर?
तुम्ही म्हणाल तिथवर, ती म्हणते,
आणि मागच्या सीटवरचं सामान सरकवू लागते.

हे उत्तर त्याने कधी ऐकलं नव्हतं.
तो बसला. पिशवी मांडीवर, दोन्ही हातांनी घट्ट.
पुढच्या फाटकापर्यंत, म्हणाला.

तिथून त्याचं घर
अजून सहा किलोमीटर होतं.