मेहॉ

यंदा सबीन नदी पसरलीच नाही.
पाणथळात होडी ओढत न्यावी लागली,
व्हर्लीमावशी पुढच्या फळीवर,
मांडीवर लांब दांड्याची जाळी, कोरडीच.

फेब्रुवारीत हे झाड पानांची वाट पाहत नाही.
आधी फुलं. पांढरी, पाच पाकळ्यांची,
आत गुलाबी टिकल्या, वास जरा शिळ्या मासळीचा.
लहानपणी आम्ही नाक धरायचो.
"तुमच्यासाठी नाही फुललेलं," ती म्हणायची.

मे लागला की फळं आपणहून देठ सोडतात.
बोराएवढी, लाल, सफरचंदाच्या भावकीतली,
पण एक चावलं की कानापर्यंत आंबतं.
पाणी असलं तर वेचावं लागत नाही काही,
वाऱ्यानं एका कडेला लोटलेली असतात,
साय काढावी तशी काढायची.

यंदा चिखलात गुडघे टेकले.
डोक्यावर दोन-दोन इंचांचे काटे,
एकावर खाटीक पक्ष्यानं टोचून ठेवलेला टोळ,
अजून एक पाय हलवणारा.
काही फळांवर नारिंगी भुकटी, तांबेरा,
पलीकडच्या सीडरनं धाडलेला.
सांजेपर्यंत दीड बादली.

वाटेत टेरेलची बाग लागते, टेकाडावर.
तीच झाडं, रांगेत, खाली ताडपत्र्या अंथरलेल्या.
आम्ही थांबलो. तो सहज म्हणाला,
"पाणी आवडतं कुठं त्याला?
दुसरी झाडं कुजतात तिथं हे तगून राहतं, एवढंच.
कोरड्यात आणलं की दुप्पट धरतं."

मावशी काही बोलली नाही.
चव्वेचाळीस वर्षं, खांबांवरचं ते घर,
दर पुरानंतर भिंतीवर नवी रेघ,
आल्सीदकाका गेले तरी त्यांचे रबरी बूट
दाराशी, तोंड नदीकडे करून.
लोक म्हणतात, व्हर्लीला नदीचं भारी वेड.

रात्री फळं उकळली, उशीच्या जुन्या अभ्र्यात ओतली.
अभ्रा नुसता टांगायचा, थेंब थेंब गळू द्यायचा,
पिळला की जेली गढूळ होते,
हे मला तिनंच शिकवलेलं, हातावर चापटी मारून.

त्या रात्री तिनं तो दोन्ही हातांनी पिळला.
मनगटापर्यंत लाल झाली,
मग हात न धुता, माझ्याकडे न बघता म्हणाली,

"दुप्पट म्हणजे, किती बादल्या म्हणाला तो?"