पेपरमिंट

माझ्या खोलीच्या दारावर क्रूस नाही.
नुसती पाटी: विट्स्के होकस्ट्रा, सोबत.
खाली कुणीतरी पेन्सिलीनं लिहून ठेवलंय –
कुणाची?
मी ते पुसलं नाही.

आठ वर्षं झाली या फ्रिसलंडच्या इस्पितळात.
धर्म नसलेलं माणूस रात्री घाबरलं
की मला फोन येतो.
धर्म असलेलंही, कधी कधी,
पाद्री गाढ झोपलेला असला तर.

काल सतरा नंबरमध्ये वोब्बे.
चाळीस वर्षं समुद्राच्या बांधावर राबलेला,
बोटं अजून दगड धरल्यासारखी वाकलेली.
म्हणाला, नंतर काय असतं? थापा नकोत.
मी म्हटलं, मला माहीत नाही.
तो हसला. चला, एक तरी खरं बोललं.

मग आम्ही बांधाबद्दल बोललो.
उधाणाच्या रात्री कंदील घेऊन
तो भेगा शोधत चालायचा.
बोटभर भेग,
तिच्यात चिकणमाती, गवत, वरून टाच.
मागे गाव झोपलेलं.
सकाळी कुणाला कळायचंही नाही
की आज आपण बुडणार होतो.
'मला तेवढं पुरलं,' म्हणाला.
'तुम्हाला?'

मला.
लहानपणी रविवारची दोन प्रवचनं, लांबच लांब,
आणि प्रत्येकाच्या मध्यावर
आई माझ्या तळहातात सरकवायची
पेपरमिंटची एक वडी.
चावायची नाही. विरघळू द्यायची.
वर पाप, नरक, निवडलेले थोडे,
आणि जिभेवर ते पांढरं गार वर्तुळ.

एकोणिसाव्या वर्षी देव गेला.
भांडण नाही, काही नाही,
दुधाचा दात पडावा तसा.
जीभ मात्र कितीतरी दिवस
त्या खळग्यात जात राहिली.

मग पुस्तकं. मेलेल्या ग्रीकांची,
देवळातून हाकललेल्यांची.
एक अख्खा हिवाळा नुसती थंडी आणि तर्क.
त्यांनी गेलेलं परत दिलं नाही,
देणारही नव्हते.
एवढंच म्हणाले, हातात आहे ते नीट धर,
नाही त्याला हाका मारून घसा बसवू नकोस,
आणि समोर माणूस असेल तर खुर्ची ओढून बस.
खरं तर खुर्चीचं कुठल्याच पुस्तकात नव्हतं.
ते माझं.

समाधान वगैरे? मोठा शब्द आहे.
पहाटे सायकलवरून घरी जाते तेव्हा
ओहोटीचा चिखल मैलभर उघडा पडलेला असतो,
पाखरं त्यात चोची खुपसत असतात, आपापली,
आणि वारा नेमका तोंडावर.
तरी गुणगुणते.
बहुतेक वेळा स्तोत्राचीच चाल,
शब्द गळालेले.

वोब्बेनं बराच वेळ माझा हात सोडला नाही.
खिशात वडी होती. अजून ठेवते.
त्याच्या ओठांना टेकवली.
'चावू नका.'
त्यानं डोळे मिटले.
'वेळ लागेल,' म्हणाला.
मी खुर्ची आणखी जवळ घेतली.