अंदाजे

पारोळ्यात अण्णांच्या दुकानाला पाटी नव्हती,
'डोक्याची पुडी' एवढाच पत्ता.
चौकोनी कागदात तीन चिमटी पांढरं.
एक दुखणं मारणारं, एक कॉफीतलं,
तिसऱ्याचं नाव अण्णा कुणाला सांगत नसत.
वहीत मात्र जांभळ्या शाईत, फेनोबार्बिटोन.

गेंदाबाई भर उन्हाच्या यायच्या.
"मन्हं डोकं दुखस भाऊ, पुडी दे."
आधी महिन्याला चार, मग आठवड्याला चार,
मग दिवसाला दोन.
पुडी दुखण्यासाठी, की दुखणं पुडीसाठी,
हे विचारायची अक्कल मला
फार्मसी शिकल्यावर आली.

अण्णा गेले. इन्स्पेक्टर आले,
बरणीला लाख लावली, पंचनामा, सह्या.
कायद्याचं बरोबरच होतं.
माझंही. लायसन्स भिंतीवर, चिठ्ठीशिवाय काही नाही.
गेंदाबाईंना मी पायरीवरूनच म्हणालो,
बंद.

तिसऱ्या दिवशी भाकर थापता थापता
त्यांना झटका आला.
कळण्याचं पीठ केसांत, दातखीळ,
शेजारच्यांनी कांदा हुंगवला.

धुळ्याच्या डॉक्टरांनी फोनवर विचारलं,
एका पुडीत नेमकं किती होतं?
मी वही उघडली.
मापाच्या जागी अण्णांच्या वळणदार अक्षरात
'अंदाजे'.

आता दर पंधरवड्याला सरकारी चिठ्ठी येते,
गोळी आधीपेक्षा थोडी कमी.
मी रजिस्टरात मिलिग्रॅमसकट उतरवतो.
त्या बाकावर बसून बघत राहतात.
दुखतं का, हे मी अजून विचारलेलं नाही.
अंगठ्याची शाई पदराला पुसत काल म्हणाल्या,
"तुन्हा बाप इतलं लिखे ना."