रुंदी

चार्ल्स चर्चला छप्पर नाही.
एक्केचाळीस साली बाँबनं जळालं, तसंच ठेवलंय प्लिमथकरांनी.
भोवती गाड्यांचा गोल, मधे भिंती,
आणि भिंतींच्या आत
म्हटलं तर काहीच नाही.

रोज त्याला वळसा घालून मी कामाला जाते.
काम काय, तर ‘काहीच नाही’
किती ताणलं म्हणजे फाटतं, त्याचा हिशेब.

निर्वातात सतत उसनवारी चालते.
एक इलेक्ट्रॉन, एक पॉझिट्रॉन,
शेजारून वाटीभर साखर आणावी तशी ऊर्जा आणतात
आणि कुणाच्या लक्षात यायच्या आत
परत करून नाहीसे.
लेसर जबर असला तर दोघांना दोन दिशांना ओढतो,
इतकं लांब, की वाटी तोच भरून देतो.
मग ते खरे. वजन असलेले.

पुस्तकात हे क्षेत्र सपाट असतं,
ताटात थापलेल्या वडीसारखं, सगळीकडे एकजाड.
खरा झोत मधे चढतो, कडेला ओसरतो.
मी त्याला अरुंद करत गेले.
शिखर तेच, उतार जवळ जवळ.
एका जागी उत्तर आलं शून्य.
थोडंसं नव्हे, जवळपास नव्हे,
शून्य.
शिखर दुप्पट केलं, रुंदी तिसऱ्या हिश्शावर आणली.
शून्य.

टॅमसिन सॉल्टॅशची. म्हणाली,
ओहोटीला टेमरच्या गाळात होडी रुतली
की आमचा बाप खांदा लावायचा.
अंगात रेड्याचा जोर,
पण ढकलत दोन पावलं जाता यायला हवं ना!
नुसत्या हिसक्यानं गाळ सोडत नाही.
मी वहीत लिहिलं: जोर गुणिले अंतर.
खाली होडी काढली, वाईट आली.

काळाचं मात्र उलटं.
जागेत आखडलं की जोड्या घटतात,
काळात आखडलं, झटका दिला, की वाढतात.
समीकरणात दिसतं तसं.
मला अजून पटलेलं नाही.

शुक्रवारी रुंदी केसभर वाढवली.
रात्री अकराला, दशांश चिन्हामागे एकतीस शून्यं
आणि मग एक तीन.
धूळ असेल आकडेमोडीची, टॅमसिन म्हणाली.
जाळी निम्मी बारीक केली. तीन.
पुन्हा निम्मी. तीन.
आम्ही बोललो नाही काही.
तिनं उठून खिडकी लावली,
बाहेर सीगल कचऱ्यावरून भांडत होते.

घरी आले तर ओट्यावर
शेजारच्या मिसेस हॅनाफर्डची काचेची थाळी,
ॲपल पायची, फेब्रुवारीपासून,
घासून, पुसून, पालथी.
उद्या देते, म्हटलं.
उद्या नक्की.